टेकडीवरची सायकलवाट पाण्याच्या हिशेबाने बांधावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा ओसरू लागला की पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर गवत गुडघ्याच्या वर आलेले असते आणि त्या गवतातून थेट पायथ्याकडे उतरणारे मुरमाचे उघडे पट्टे लांबूनही ओळखू येतात. त्यांतले काही गुरांचे, काही रोज फिरायला येणाऱ्यांचे आणि बरेचसे आमच्यासारख्या माउंटन बाइक चालवणाऱ्यांचे. या पट्ट्यांवरून दरवर्षी वाद होतो. चालणारे म्हणतात, सायकलींनी टेकडी उकरली. सायकलवाले म्हणतात, पाऊस काय आमच्या हातात आहे? आम्ही सायकलवाले आहोत, पण या वादात चालणाऱ्यांचे म्हणणे आम्हांला जास्त पटते. चाकाने माती सुटते ती थोडीच. चाकाने पाडलेल्या चाकोरीतून पाणी जी माती नेते ती त्याच्या कित्येक पट असते, आणि ती चाकोरी पाण्याच्या वाटेत नेऊन ठेवणारे आपणच असतो. उतारावरची वाट कशी आखावी, कशी राखावी आणि ती सर्वांची कशी राहील, याविषयी हे पत्र. ते लांबले आहे, पण तपशिलाशिवाय या विषयात काही हाती लागत नाही.

आधी कायद्याचे बोलू. टेकड्यांचा बराच भाग वन विभागाच्या ताब्यात आहे. राखीव वनात परवानगीवाचून जमीन खणणे, झाड तोडणे, दगड काढणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. रात्री विजेरी लावून चार जणांनी खणलेला उडीचा उंचवटा कितीही सुबक असला तरी तो गुन्हाच, आणि त्याची किंमत टेकडीवर येणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराला मोजावी लागते. जागा खासगी असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्यावी. गायरान असेल तर ग्रामपंचायत आणि महसूल खाते. वनजमीन असेल तर वनरक्षकाशी बोलण्यापासून सुरुवात करून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे नकाशासह अर्ज द्यावा आणि गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिला आधी विचारावे. नवी वाट मागण्यापेक्षा आहे ती दुरुस्त करण्याची परवानगी मागितली तर गोष्ट लवकर पुढे सरकते, आणि खरे तर टेकडीला गरजही तिचीच आहे.

आता पाण्याचे. डाउनहिल म्हणजे माथ्यावरून नाकासमोर खाली, असा समज नव्या मुलांमध्ये पक्का आहे. पाणीही नेमके तसेच उतरते. वाटेची आणि पाण्याची दिशा एक झाली की वाटेचा ओहोळ होतो. पहिल्या पावसाळ्यात बोटभर खोल, पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत घोट्याच्या वर. मग तळाला सुटे दगड उरतात, चाक ठरत नाही, म्हणून कोणी शेजारच्या गवतातून नवी ओळ काढतो आणि तिचेही तेच होते. टेकडीवर जिथे चार-पाच समांतर पट्टे दिसतात तिथे हेच घडलेले असते.

यावर जगभर मान्य झालेला एक सोपा हिशेब आहे. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही संस्था १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सायकल क्लबांनी मिळून उभी केली. पायवाटांवर सायकलींना बंदी होऊ लागली म्हणून ती जन्माला आली. वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि संपूर्ण वाटेची सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास राहावी, हे तिच्या मार्गदर्शनाचे सार. टेकडीची कूस ३० टक्के उताराची असेल, म्हणजे १० मीटर पुढे गेल्यावर ३ मीटर खाली, तर तिच्यावरून आडवी जाणारी वाट कुठेही १५ टक्क्यांपेक्षा तीव्र नको. त्यापेक्षा तीव्र तुकडा हवाच असेल तर तो खालच्या काळ्या पाषाणावर घ्यावा, मुरमावर नाही. हा हिशेब वेगाच्या शौकिनांना जाचक वाटतो. पण १०० मीटर उंचीची टेकडी ३० टक्क्यांनी सरळ उतरलो तर साडेतीनशे मीटरच्या आत पायथा येतो. तीच टेकडी दहा टक्के सरासरीने उतरलो तर एक किलोमीटरची वाट मिळते. तिप्पट लांब उतरण, तिप्पट वळणे.

उतार डोळ्यांनी मोजू नये, डोळा फसतो. गवंड्याची नळी लेवल पुरते. १२ ते १५ मीटर लांब पारदर्शक नळी, दोन सरळ काठ्या आणि त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा. नळीत पाणी भरून हवेचे बुडबुडे काढून टाकावेत. बुडबुडा राहिला की माप चुकते. एक काठी वर, दुसरी वाटेने १० मीटर पुढे. दोन्ही काठ्यांवरच्या पाण्याच्या पातळीत एक मीटरचा फरक आला तर उतार दहा टक्के. पाणलोटाच्या कामावर समतल रेषा आखलेले लोक गावोगाव आहेत आणि त्यांचा हात आमच्यापेक्षा सरस असतो. त्यांना आखणीला जरूर बोलवावे. आखणी झाली की दर तीन-चार मीटरवर काडीला कापडाची पट्टी बांधून ती वाट दोन्ही दिशांनी चालून पाहावी, आणि जमल्यास एका जोरदार सरीत छत्री घेऊन पुन्हा पाहावी. पाऊस पडत असताना अर्ध्या तासात जे कळते ते कोरड्या दिवशी आठवडाभर फिरून कळत नाही.

खोदाई करताना सगळ्यांत जास्त चूक होते ती भरावाची. कुशीवर वाट काढताना आतली माती खणून बाहेरच्या कडेला लोटली की अर्ध्या श्रमात रुंदी मिळाल्यासारखी वाटते. ती बाहेरची निम्मी वाट सैल भरावावर असते आणि पहिल्या मोठ्या पावसात खचते. पूर्ण रुंदी पक्क्या जमिनीत कोरावी. ३० टक्के कुशीवर ९० सेंटिमीटर रुंद वाट कोरायची तर आतल्या बाजूला सुमारे २२ सेंटिमीटर खोल जावे लागते, आणि मागची भिंत तिरपी छाटण्याचे धरून मीटरमागे दहा-बारा घमेली माती निघते. ही माती खालच्या गवतात पातळ पसरावी किंवा वळणाच्या भरावासाठी बाजूला काढावी. कडेला ढीग घालू नये. मागची भिंत उभी ठेवली तर ती वाटेवर ढासळते. मुरूम बराच उभा राहतो, काळी माती मुळीच राहत नाही. सकाळच्या चार तासांत दहा माणसे मिळून अशी २५-३० मीटर वाट नीट करतात. यापेक्षा जास्त झाली असेल तर कुठेतरी भराव घातला गेला आहे असे समजावे.

वाटेचा तळ बाहेरच्या, म्हणजे दरीच्या बाजूला पाच टक्के झुकलेला हवा. ९० सेंटिमीटर रुंदीला साडेचार सेंटिमीटर. बाटलीभर पाणी मध्यावर ओतावे. ते बाहेर गेले पाहिजे, वाटेने खाली नाही. पण हा झुकाव टिकत नाही, आणि तो टिकत नाही हे न समजल्यामुळेच बहुतेक वाटा मरतात. चाके नेहमी मधोमध जातात, मधला भाग दबतो, सुटी खडी उडून बाहेरच्या कडेला साचते, तिच्यावर गवत रुजते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही: बाहेर वरंबा झाला आणि वाटेची सरी झाली. सरीत पाणी अडकणारच आणि उताराने धावणारच. म्हणून वर्षातून एकदा तो वरंबा टिकावाने फोडून, त्याची माती दंताळ्याने मधल्या सरीत ओढून, धुम्मसने दाबून झुकाव परत आणावा लागतो. वाट राखण्याच्या कामातले निम्मे काम हेच आहे. ते दिसायला रटाळ आहे आणि त्याचे फोटो कोणी काढत नाही.

झुकाव हरवला तरी वाट वाचवणारी दुसरी युक्ती म्हणजे उलट चढ. उतरत्या वाटेवर दर ६ ते १५ मीटरवर वाट थोडी वर चढवून मग पुन्हा खाली न्यायची. मुरूम जितका सैल आणि उतार जितका जास्त तितके अंतर कमी. दोन-तीन मीटर लांबीत २५-३० सेंटिमीटरचा चढ पुरतो. पाण्याला चढता येत नाही, म्हणून खोलगटात पोचले की ते बाहेर पडते. बाहेर पडण्याचे तोंड किमान एक मीटर रुंद हवे आणि पुढे दोन मीटरपर्यंत मोकळे. अरुंद नाली खणली तर एका सरीत गाळाने बुजते. वाटेवर आडवा ओंडका किंवा दगडांची रांग टाकून पाणी वळवण्याची पद्धत पायी वाटेवर चालते, सायकलवाटेवर नाही. ओल्या ओंडक्यावर चाक सटकते, लोक त्याला वळसा घालतात आणि पाणीही त्याच वळशाने जाते. शिवाय हाच उलट चढ उतरणाऱ्याला मजेचा हेलकावा देतो. आखतानाच तो धरला तर फुकट मिळतो. नंतर बसवायचा म्हटले की पन्नास घमेली माती लागते.

वळणांवर भराव घालून बाहेरची कड उचलतात, त्याला सगळे बर्म म्हणतात. सहा मीटर लांब, ६० सेंटिमीटर उंच आणि बुडाशी सव्वा मीटर रुंद बर्मला सव्वादोन घनमीटर दाबलेली माती लागते. सैल मातीच्या भाषेत जवळजवळ २०० घमेली. तिसरा हिस्सा दगड आत रचून घेतले तर माती तेवढी वाचते आणि बूडही पक्के होते. दगडांवर माती एकदम ओतू नये. १० ते १५ सेंटिमीटरचा थर, मग धुम्मस, मग पुढचा थर. माती मुठीत आवळून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. दोन-तीन तुकडे झाले तर ओल बरोबर आहे, भुगा झाला तर पाणी कमी, चपटा होऊन चिकटला तर दोन दिवस थांबावे. नुसत्या भरड मुरमाचा बर्म खडीसारखा सुटतो. तीन घमेली मुरमाला एक घमेले चिकण माती मिसळली की धरतो. काळी माती मात्र बर्ममध्ये कधीही घालू नये. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेगेत शिरलेले पाणी अख्खा तुकडा घेऊन जाते. बर्मची दुसरी दुखरी जागा आतल्या बाजूचा खोलगट. वरून आलेले पाणी तिथे तुंबते आणि बर्मचे बूड भिजवते. वळणात शिरण्याच्या तीन-चार मीटर आधी उलट चढ देऊन पाणी बाहेर काढले नाही तर दर पावसाळ्यानंतर तोच बर्म पुन्हा बांधावा लागतो.

ब्रेकमुळे पडणारे खड्डे ही वेगळी व्याधी आहे. लांब सरळ उतारानंतर एकदम घट्ट वळण आले की सगळे एकाच ठिकाणी ब्रेक दाबतात, मागचे चाक उसळते आणि धोब्याच्या पाटासारख्या आडव्या लाटा उठतात. त्यांत माती भरणे व्यर्थ आहे. आठ दिवसांत ती उडते. खड्डे हे वेगाच्या आखणीचे दुखणे आहे. वळणाच्या आधी चढ देऊन वेग आपोआप उतरवावा किंवा वळणाची त्रिज्या वाढवावी. जागा नसेल तर तेवढ्या पाच-सहा मीटरला दगडी फरसबंदी करावी.

फरसबंदीसाठी आपल्याकडचा काळा दगड उत्तम आहे आणि ती करण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. कोकणातल्या पाखाड्या आणि घाटांतल्या जुन्या दगडी वाटा चुना-सिमेंटवाचून पाऊस सोसत आल्या. दगड आडवा पसरायचा नाही, उभा रोवायचा. लांब बाजू जमिनीत, दोन तृतीयांश गाडलेली, माथा सपाट. सांधे एका ओळीत येऊ देऊ नयेत. उतरत्या दिशेचा सांधा लागला की पाणी त्यातच वाट काढते. फटींत कपच्या ठोकून मुरूम भरावा. शेवटचा, सगळ्यांत खालचा दगड सर्वांत मोठा हवा, कारण वरची सगळी रांग त्याच्यावर रेलते. तो सुटला की वर्षभरात पूर्ण फरसबंदी सुटते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. टेकड्यांवर मृदसंधारणाचे दगडी बांध आहेत, समतल चर आहेत. हाताशी रचलेला दगड दिसतो म्हणून तो उचलून उडीच्या बुडात घालणारे आम्ही पाहिले आहेत. बांधातला एक दगड काढला की पाणी तिथूनच फुटते आणि खालच्या चराची माती वाहून जाते. चर साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० ते ४५ सेंटिमीटर खोल असतो. तो बुजवून त्यावरून वाट नेली की चराने अडवलेले सगळे पाणी त्या बुजवलेल्या तोंडातून वाटेवर उतरते. म्हणजे बांध गेला, चर गेला आणि वाटही गेली. जिथे चर तुटक आहेत तिथे दोन चरांमधल्या मोकळ्या जागेतून वाट काढावी. जिथे सलग आहेत तिथे चराच्या टोकाला वळसा घालावा, मग कितीही लांब पडला तरी चालेल. वाट आखण्याआधी चरांचा नकाशा हाताने काढून घेणे सक्तीचे असावे असे आमचे मत आहे.

उड्यांबद्दल. सर्वांसाठी असलेल्या वाटेवर मधे मोकळी दरी असलेली उडी नको. टेबलटॉप हवा, म्हणजे चढ, सपाट माथा आणि उतार सलग असतात. ज्याला उडी जमत नाही तो चाके जमिनीवर ठेवून वरून जातो. साधारण ७० सेंटिमीटर उंच आणि तीन मीटर माथ्याचा टेबलटॉप मध्यम तयारीच्या स्वाराला पुरे. उतरण्याची बाजू चढाच्या बाजूपेक्षा लांब आणि रुंद ठेवावी, तिथेच माणसे पडतात. उडीचा ओठ, म्हणजे चाक जमीन सोडते ती कड, पावसाने गोल होतो आणि कोणीतरी हौसेने तो उभा करतो. मग पुढचे चाक खाली जाते आणि स्वार डोक्यावर येतो. ओठाचा कोन दर महिन्याला त्या मापाने कापून ठेवलेल्या एकाच फळीने तपासावा, नजरेने नाही. जिथे उंच ड्रॉप, म्हणजे पायरीसारखा एकदम खाली जाणारा टप्पा, असेल तिथे शेजारून स्पष्ट दिसणारी सोपी ओळ हवीच. आणि वाटेतला सर्वांत अवघड टप्पा सुरुवातीच्या पन्नास मीटरांत ठेवावा. ज्याला तो झेपत नाही तो तिथूनच परत फिरतो, अर्ध्या उतारावर अडकत नाही. परदेशी चित्रफिती पाहून लाकडी शिडीपूल बांधण्याची हौस इथे करू नये. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नॉर्थ शोरवर ते पूल शोभतात, कारण तिथे सहजासहजी न कुजणारे सीडर लाकूड जंगलात आडवे पडलेले मिळते. आपल्याकडे वाळवी आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून पूल आतून पोखरतात आणि वरून तो धड दिसतो.

त्याच नॉर्थ शोरकडून दुसरी एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तिथेही सुरुवातीला वाटा परवानगीवाचून, लपूनछपून बांधल्या गेल्या. १९९७ मध्ये स्वारांनी संघटना केली, जमीन सांभाळणाऱ्या यंत्रणांशी बोलणी केली, आणि आज स्वयंसेवक ठरलेल्या दिवशी उघडपणे काम करतात. उलट उदाहरण कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीचे. तिथल्या डोंगरउतारावर १९७६ मध्ये रिपॅक शर्यत सुरू झाली. जुन्या सायकलींच्या मागच्या चाकाचा ब्रेक उतरताना इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर पुन्हा भरावे लागे, म्हणून ते नाव. माउंटन बाइकचा जन्म ज्या उतारांवर झाला त्याच परिसरातल्या अनेक अरुंद वाटा पुढे सायकलींना बंद झाल्या, कारण चालणारे आणि घोडेस्वार यांच्याशी वाद मिटला नाही. आपल्या टेकड्यांवर आज आपण त्याच वळणावर उभे आहोत.

म्हणून स्थानिक स्वारांनी आपापसांत काही ठरवून घ्यायला हवे. प्रत्येक वाटेला दोन-तीन राखणदार असावेत आणि त्यांना विचारल्याशिवाय कोणी दगड हलवू नये. वेगवान मुले आपल्या ओळीतला दगड उचलून फेकतात, नवखे वळण कापून सरळ जातात. दोघांनाही वाटते की एकट्याने काय बिघडते. वळण कापले की दुसऱ्या दिवशी तिथे चाकोरी आणि महिन्याभरात ओहोळ. स्ट्राव्हावर, म्हणजे फेरीची वाट आणि वेळ नोंदणाऱ्या ॲपवर, सेकंद वाचवण्यासाठी कापलेली वळणे तर नोंदीच्या रेषेवरच दिसतात. अशी पळवाट बंद करताना फक्त तोंडाशी काट्या टाकून भागत नाही. दबलेली जमीन टिकावाने पाच-दहा सेंटिमीटर उकरावी, म्हणजे पावसाबरोबर गवताचे बी धरते, आणि वरून ग्लिरिसिडियाच्या फांद्या पसराव्यात. बाभळीच्या काट्या टाकू नयेत. त्या वाऱ्याने वाटेवर येतात आणि महिनाभर सगळ्यांचे टायर फुटतात.

पावसात केव्हा चालवावे हा नेहमीचा प्रश्न. टायरला माती चिकटून चाक धरणाऱ्या काट्याला (फोर्कला) घासू लागली किंवा मागे बोटाच्या पेरभर खोल चाकोरी उरली तर परत फिरावे. उघडा कातळ त्याच दिवशी चालतो, मुरमाला उघडीप मिळाल्यावर दिवसभर द्यावा, काळ्या मातीला तीन-चार दिवस. डबके आले तर मधून जावे, कडेने नाही. कडेने गेलात की वाट रुंदावते, आणि डबके तुंबते कुठे हे राखणदाराला कळतही नाही.

चालणाऱ्यांशी आणि गुराख्यांशी जिथे वाट छेदते तिथली जबाबदारी सर्वस्वी सायकलवाल्याची. उतरण्याची वाट एकाच दिशेची असावी आणि चढण्यासाठी वेगळी, ती बहुधा चालणाऱ्यांचीच असते, तिथे सायकल हातात धरून जावे. छेदाच्या दहा मीटर आधी उलट चढ आणि त्यानंतर गुडघ्याखाली राहतील असे दोन मोठे दगड, मधे ९० सेंटिमीटरचा दरवाजा. आजच्या डाउनहिल सायकलीचे हँडल ७८ ते ८० सेंटिमीटर रुंद असते. दगड गुडघ्याखाली असले म्हणजे ते अडत नाही, पण वेग मात्र हमखास कमी होतो. छेदाच्या दोन्ही बाजूंना गवत ऑक्टोबरमध्येच कापून वीस मीटर तरी नजर मोकळी करावी. गुरे वाटेत असतील तर थांबावे. बिथरलेली म्हैस वाटेची कड फोडते ती गोष्ट वेगळी, गुराख्याला तिच्यामागे उतारभर धावावे लागते. चालणाऱ्यांना एक विनंती: राग आला तरी वाटेत दोरी बांधू नका, वळणामागे दगड रचू नका. वेगात उतरणाऱ्याच्या गळ्याशी दोरी आली तर जीव जातो. राखणदाराचा फोन क्रमांक पायथ्याच्या फलकावर असावा, म्हणजे रागाला वाट मिळेल. त्याच फलकावर वाटेची पातळी दाखवावी: हिरवे वर्तुळ सोपे, निळा चौकोन मध्यम, टोकावर उभा काळा चौकोन अवघड. दर शंभर मीटरवर दगडावर क्रमांक रंगवावा. कोणी पडले तर १०८ला फोन करताना "झाडाजवळ" सांगण्यापेक्षा "सात नंबरच्या दगडाजवळ" सांगितलेले बरे. वणवा दिसला तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६ हीसुद्धा फलकावर असावी. फेब्रुवारीनंतर टेकडीवर आधी पोचणारे बहुधा आपणच असतो.

हत्यारांचा खर्च मोठा नाही. चार कुदळी, दोन टिकाव, चार फावडी, दहा घमेली, दोन पहारी, दोन दंताळी, एक धुम्मस आणि नळी लेवल एवढ्यात वीस जणांचे श्रमदान निभते. खरी अडचण वेळेची असते. मे महिन्यात पाण्याची तोंडे उपसून ठेवावीत, तेवढेच. मार्च ते मे कोरडी माती खणू नये, तिचा फुफाटा होतो. शिवाय याच दिवसांत टिटवी उघड्या मुरमावर, खड्यांमध्ये चार अंडी घालते आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की तो तुकडा महिनाभर सोडावा. जून ते सप्टेंबर, पाऊस ओसरेपर्यंत, बांधकाम नाही, फक्त पावसात फिरून पाणी कुठे अडते त्या खुणा करणे आणि फावड्याने तोंडे मोकळी ठेवणे. बांधण्याचे दिवस म्हणजे सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. तेव्हा मातीत मुठीचा गोळा होईल एवढी ओल असते आणि डोक्यावरून पाणी वाहावे लागत नाही. सहा मीटरच्या एका बर्मला कोरड्या दिवसांत दोन-अडीचशे लिटर पाणी वर न्यावे लागते, यावरून त्या ओलीची किंमत कळावी.

आमची मागणी छोटी आहे. प्रत्येक टेकडीवर वन विभागाने आणि स्थानिक समितीने मिळून उतरण्याची एकच वाट मान्य करावी, बाकीचे समांतर पट्टे बुजवण्याचे श्रमदान आम्हा सायकलस्वारांकडून करून घ्यावे, आणि मान्य वाटेवर काय खणले, कुठे किती दगड लावले याची नोंद दर वर्षी वनरक्षकाकडे देण्याची अट घालावी. ती अट आम्हांला हवी आहे. अर्जाचा निर्णय मात्र सप्टेंबर संपण्याआधी व्हावा. दिवाळीपर्यंत कागद फिरत राहिला तर ओल गेलेली असते, आणि मग धुम्मस कितीही मारली तरी मुरूम बसत नाही.

आपले,
टेकडीवर सायकल चालवणारे आणि श्रमदान करणारे काही जण,
पुणे